घरच्या पडद्यावर जुनी छायाचित्रे

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे गाव नकाशावर शोधावयाचे झाल्यास भिलाईच्या उत्तरेस, नंदिनीच्या चुनखडी खाणींच्या शेजारी पाहावे लागते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि त्या भट्ट्यांना लागणारा चुनखडीचा दगड नंदिनीहून जाऊ लागला. कारखाना आणि खाणी यांच्या ओढीने जी माणसे या भागात आली त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही बरीच होती. नागपूर, भंडारा, गोंदिया येथून रेल्वेने दुर्गास उतरावे आणि नोकरीच्या निमित्ताने येथेच स्थायिक व्हावे, असा तो काळ होता. तसे पाहिले तर मराठी माणसाला छत्तीसगड नवे नव्हते. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले अठराव्या शतकातच रतनपुरास येऊन राहिले होते. परंतु कॅमेरा घेऊन आलेली पिढी ही कारखान्याची पिढी होय.

त्या पिढीचे आल्बम आज घरोघरी कपाटाच्या वरच्या खणात आहेत. क्वार्टरच्या अंगणातील सत्यनारायण, मैत्रीबागेची सहल, पहिल्या स्कूटरला घातलेला हार, गणेशोत्सवातील नाटकाचा प्रयोग. ही मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत. मुले पुणे, हैदराबाद वा परदेशी आहेत. सेवानिवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना आल्बम वाटले गेले, काही भिजले, काही हरवले. मग सहस्रचंद्रदर्शनाचा किंवा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा योग येतो आणि घरातील एखादा नातू म्हणतो, "आजोबांचे सगळे फोटो टीव्हीवर दाखवू या." कल्पना उत्तम असते. प्रत्यक्षात मात्र पडद्यावर पुष्कळदा धूसर, चौकटी-चौकटी दिसणारी, आडवी ताणलेली चित्रे येतात आणि पाहुणे सौजन्याने टाळ्या वाजवतात. चांगले छायाचित्र हाती असताना ते पडद्यावर बिघडते कसे, आणि ते न बिघडू देण्यासाठी काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

चित्रे एकामागून एक पडद्यावर दाखविण्याचा खेळ आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचपट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला. शांबरिक म्हणजे मायावी. पुढे त्यांच्या मुलांनीही हा खेळ चालविला. एकाहून अधिक दिवे वापरून चित्रे भराभर बदलली की पडद्यावरील पात्र हलल्याचा भास होत असे. या खेळात एक गोष्ट मोठी सोयीची होती. पडदा कितीही मोठा केला तरी काचेवरील चित्र तेच राही. तपशील होता तेवढा राही, फक्त प्रकाश पसरून मंद होई. आजच्या दूरचित्रवाणी संचाचे तसे नाही. त्याच्या पडद्यावरील ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते, आणि आपले चित्र त्या ठिपक्यांत बसविण्याचे काम कोणी ना कोणी करावेच लागते. बिघाड होतो तो या बसविण्यात.

ठिपक्यांचा हिशेब

या ठिपक्यांना चित्रबिंदू अथवा पिक्सेल म्हणतात. भारतात १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने. त्या पद्धतीच्या चित्राचे अंकीय रूप ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख चित्रबिंदूंचे असते. पुढे लग्नघरात स्टुडिओवाल्याकडून जी व्हीसीडी मिळू लागली तिच्यात तर ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख चित्रबिंदू होते. डीव्हीडीने पुन्हा सव्वाचार लाखांपर्यंत आणले. आज घराघरांत जो फुल एचडी संच आहे त्याच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे बिंदू असतात, आणि फोर-के संचावर त्याच्या चौपट, सुमारे ८३ लाख. लहान आकाराच्या अनेक स्वस्त संचांवर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाखच असतात.

या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. जुन्या व्हीसीडीवरील 'फोटो आल्बम' आज मोठ्या पडद्यावर लावला तर एका बिंदूचे काम वीस बिंदूंना करावे लागते. ते चित्र कोणत्याही यंत्राने खऱ्या अर्थाने सुधारत नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे चेहरे 'स्पष्ट' करून देणारी साधने निघाली आहेत. ती नसलेला तपशील अंदाजाने भरतात. कधी कधी तो इतका छान भरतात की आजीचे नाक दुसऱ्याच कोणाचे होऊन बसते. अशा वेळी व्हीसीडी बाजूला ठेवून ज्या कागदी छायाचित्रांवरून ती तयार केली होती, त्यांचा शोध घेणे हाच योग्य मार्ग होय. दुसरी गोष्ट याच्या उलट. साध्या मोबाइलचे बारा मेगापिक्सेलचे छायाचित्र ४००० गुणिले ३००० चे असते. ते फोर-के पडद्यालाही पुरून उरते. तेव्हा नव्या छायाचित्रांत उणीव नसते. ती वाटेत कोठे तरी निर्माण होते.

या वाटेतील सर्वांत मोठा चोर म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. चोर हा शब्द कठोर वाटेल, पण काम तेच आहे. साध्या पद्धतीने पाठविलेले छायाचित्र हे अ‍ॅप लहान करून आणि दाबून पाठविते. बारा मेगापिक्सेलचे चित्र पलीकडे पोचते तेव्हा अनेकदा त्याची लांब बाजू सोळाशे बिंदूंच्या आसपास उरलेली असते. मोबाइलच्या पडद्यावर फरक कळत नाही, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. टीव्हीवर लावले की कळतो. २०२३ पासून त्यात 'एचडी' असा पर्याय आला आहे, त्याने नुकसान कमी होते. पण मूळ चित्र जसेच्या तसे हवे असेल तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावे, ई-मेलने पाठवावे किंवा पेनड्राइव्हवर घ्यावे. समारंभासाठी नातेवाइकांकडून छायाचित्रे मागविताना ही एक ओळ संदेशात आवर्जून लिहावी. पन्नास घरांतून चित्रे आल्यावर पुन्हा मूळ प्रती मागणे जमत नाही. एव्हाना अर्ध्या जणांनी जागा करण्यासाठी मूळ चित्र पुसलेले असते.

कागदावरून पडद्याकडे

जुन्या छायाचित्रांचे काम अधिक मनोरंजक आहे आणि त्यातच खरा धोकाही आहे, कारण तेथे मूळ प्रत एकच असते.

स्कॅनर वापरीत असल्यास किती डीपीआय ठेवावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. याचे उत्तर पाठ करण्याऐवजी साधा भागाकार करावा. पडद्याच्या उभ्या बिंदूंना छायाचित्राच्या उंचीच्या इंचांनी भागावे. चार बाय सहा इंची आडवे छायाचित्र फुल एचडी पडद्यासाठी १०८० भागिले ४, म्हणजे २७० ने भागते. तेथे ३०० पुरे. फोर-के साठी २१६० भागिले ४, म्हणजे ५४०. तेथे ६०० ठेवावे. साठ-सत्तरच्या दशकात 'आग्फा क्लिक-३' सारख्या पेटी कॅमेऱ्यांतून निघणारी चौकोनी छायाचित्रे पुष्कळदा फिल्मच्याच आकाराची, सहा सेंटिमीटरची, म्हणजे अडीच इंचांहून थोडी लहान असत. त्यांना फुल एचडीसाठी साडेचारशेहून अधिक आणि फोर-के साठी नऊशेहून अधिक लागतात. तेव्हा स्कॅनरवर अनुक्रमे ६०० आणि १२०० हे पर्याय निवडावेत. लहान चित्राला मोठा आकडा, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते, पण हिशेब तसाच आहे. निगेटिव्ह जपून ठेवलेली असल्यास कागदाऐवजी तीच स्कॅन करून घ्यावी. कागदावर न उतरलेला बारकावा तीत असतो. दुर्दैवाने बहुतेक घरांत आल्बम जपले गेले आणि निगेटिव्हची पाकिटे रद्दीत गेली.

स्कॅनर नसेल तर मोबाइलनेही उत्तम काम होते. छायाचित्र टेबलावर सपाट ठेवावे, खिडकीचा उजेड एका बाजूने यावा, ऊन थेट पडू नये, फ्लॅश बंद असावा, आणि मोबाइल कागदाला समांतर धरावा. मोबाइल अगदी जवळ नेऊ नये. थोडा दूर धरून नंतर कडा कापाव्यात, म्हणजे चौकट पिंपासारखी फुगत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात खरखरीत पोताच्या, 'सिल्क' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कागदावर छायाचित्रे काढून घेण्याची हौस होती. त्या पोताचे खड्डे उजेडात चमकतात आणि पडद्यावर चित्रावर जाळी धरल्यासारखे दिसते. अशा वेळी कागद थोडा फिरवून उजेडाची दिशा बदलून पाहावी. चमक एका विशिष्ट कोनात बरीच कमी होते.

आमच्या भागापुरती एक सूचना. नंदिनी-अहिवारा आणि जामुल परिसरात खाणींची आणि सिमेंटची धूळ कशी असते हे गृहिणींना सांगावयास नको. छायाचित्राचा पृष्ठभाग जिलेटिनचा, अतिशय नाजूक असतो. त्यावरील धूळ कापडाने पुसली तर तीच कणी कागदावर रेघा ओढते. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग लागलेच तर मऊ ब्रशने हलके झाडावे. ओला फडका कदापि नको. तसेच चिकट पानांचे, वर पारदर्शक प्लॅस्टिक असलेले आल्बम तेव्हा फार लोकप्रिय होते. त्यांत छायाचित्र घट्ट चिकटून बसले असेल तर ते उचकटण्याचा मोह टाळावा. प्लॅस्टिक अलगद सुटत असेल तर सोडवून पानासकट छायाचित्र घ्यावे. समारंभ एक दिवसाचा असतो. त्यासाठी मूळ प्रत फाडणे परवडणारे नाही.

सत्तरच्या दशकातील रंगीत छायाचित्रे आज तांबूस दिसतात, कारण त्यांतील निळसर रंगद्रव्य इतरांच्या आधी फिके पडते. संगणकावर हा तांबूसपणा बराच कमी करता येतो. मात्र असे काम नेहमी प्रतीवर करावे. स्कॅन केलेली मूळ फाइल न उघडता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. जेपीईजी ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे लहान चौकोन करून त्यांतील डोळ्याला फारसे न जाणवणारे तपशील टाकून देते. चित्र उघडून, थोडे बदलून पुन्हा साठविले की पुन्हा काही टाकले जाते. असे पाच-सहा वेळा झाले की आकाशात आणि गालांवर ते चौकोन दिसू लागतात. साठविताना गुणवत्तेचा आकडा नव्वदच्या वर ठेवावा, आणि सर्व बदल शक्यतो एकाच बैठकीत करून एकदाच साठवावे.

संचाच्या स्वतःच्या खोड्या

आता चित्रे तयार झाली असे समजू. ती संचावर दाखविण्याचे तीन मार्ग आहेत : पेनड्राइव्हवरून संचाच्याच फोटो-दर्शकातून, एचडीएमआय तारेने जोडलेल्या संगणकातून, किंवा चित्रांची चित्रफीत बनवून. प्रत्येकात निराळी खोडी आहे.

पेनड्राइव्हचा मार्ग सर्वांत सोपा. त्यात काही चित्रे उघडतच नाहीत. आयफोनवर २०१७ पासून छायाचित्रे हेइक नावाच्या निराळ्या पद्धतीने साठविली जातात. जुने संच ती ओळखत नाहीत, म्हणून ती आधी जेपीईजीमध्ये बदलून घ्यावीत. काही संच 'प्रोग्रेसिव्ह' प्रकारची जेपीईजीही नाकारतात. उभे धरून काढलेले छायाचित्र काही संच आडवे दाखवितात, कारण मोबाइल चित्र प्रत्यक्ष फिरवीत नाही, 'हे उभे आहे' अशी केवळ चिठ्ठी फाइलला जोडतो आणि संच ती चिठ्ठी वाचत नाही. फिरवून साठविलेली प्रत केली की प्रश्न मिटतो. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, अनेक फोर-के संचांत विविध अ‍ॅप आणि मेनू यांचा थर फुल एचडीचाच काढला जातो आणि मग ताणून पडद्यावर पसरविला जातो. परिणामी फोर-के संच घेऊनही छायाचित्रे वीस लाख बिंदूंतच दिसतात. चित्रफितीचा मार्ग संचात वेगळा असल्याने तीच छायाचित्रे फोर-के चित्रफीत बनवून लावली तर पूर्ण बारकाव्यानिशी दिसतात. हे विक्रेता सांगत नाही.

आपल्या संचावर काय घडते आहे हे घरीच तपासता येते. संगणकावर ३८४० गुणिले २१६० आकाराचे एक चित्र तयार करावे आणि त्यात एका-एका बिंदूच्या रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा आळीपाळीने भराव्यात. पडद्याजवळ जाऊन पाहिल्यावर रेघा स्वच्छ वेगळ्या दिसल्या तर बिंदूस बिंदू जुळला आहे. करडा पडदा दिसला किंवा लाटा उठलेल्या दिसल्या तर मध्ये कोणी तरी चित्र लहान-मोठे करीत आहे. फुल एचडी संचासाठी १९२० गुणिले १०८० चे चित्र घ्यावे.

संगणक जोडला असेल तर ही परीक्षा विशेष उपयोगी पडते. जुन्या काचनळीच्या संचांत चित्राच्या कडा चौकटीमागे थोड्या लपविल्या जात, कारण त्या कडा स्वच्छ नसत. ती सवय सपाट पडद्याच्या संचांतही टिकून राहिली आहे. संच चित्र किंचित मोठे करतो, कडेला उभे असलेले काका चौकटीबाहेर जातात आणि उरलेले सर्व चित्र मऊ पडते. मेनूमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' अशा काही नावाने हे बंद करण्याची सोय असते. काही संचांत त्या जोडणीला 'पीसी' असे नाव दिले की हे आपोआप होते आणि रंगांच्या कडाही अधिक रेखीव होतात. संगणक आणि संच यांची काळ्या-पांढऱ्याची व्याख्या जुळते की नाही, हेही पाहावे. संगणक काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ समजतो, तर दूरचित्रवाणीच्या परंपरेत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. दोघांचे एकमत नसेल तर आजोबांचा काळा कोट राखाडी दिसतो, किंवा त्याच्या घड्या पार नाहीशा होऊन नुसता काळा डाग उरतो. संचाच्या 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा तत्सम पर्यायात हे दुरुस्त होते. कोटाच्या घड्या दिसेपर्यंत पर्याय बदलून पाहावेत.

दुकानात संच उठून दिसावा म्हणून 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' छटा लावलेली असते आणि घरी आल्यावरही पुष्कळदा तीच राहते. छायाचित्रांसाठी ती सर्वांत वाईट. गोरे चेहरे गुलाबी, सावळे चेहरे नारिंगी होतात. 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' ही छटा निवडावी. पहिले पाच मिनिटे ती पिवळट, मंद वाटेल, मग डोळा सरावतो. 'शार्पनेस' वाढविल्याने तपशील वाढत नाही, फक्त कडांभोवती पांढरी किनार उमटते. बहुतेक संचांत तो शून्याच्या जवळ आणावा. 'नॉइज रिडक्शन' बंद करावे. ते जुन्या छायाचित्रांतील रवाळपणा पुसताना चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसून टाकते, आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी सुरकुत्या पुसण्याचे काहीच कारण नाही.

ताणलेल्या चित्रांविषयी अधिक लिहिण्याची गरज नसावी. छायाचित्र चारास तीन किंवा तीनास दोन प्रमाणात असते, पडदा सोळास नऊ. बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. पडदा भरून काढण्यासाठी चित्र ताणणे म्हणजे माणसांना रुंद करणे होय. कापणे म्हणजे कोणाचे तरी डोके उडविणे. उभे छायाचित्र फुल एचडी पडद्यावर केवळ ८१० बिंदू रुंद दिसते, तेव्हा दोन उभी छायाचित्रे शेजारी-शेजारी मांडली तर जागा छान वापरली जाते : १९६८ चे लग्नातील आणि शेजारी आजचे.

चित्रफीत करावयाची असेल तर

संगीतासह, एकामागून एक विरघळत जाणारी चित्रे हवी असतील तर चित्रफीतच करावी लागते. दीडशे छायाचित्रे, प्रत्येकी सात सेकंद, म्हणजे साडेसतरा मिनिटे. याहून लांब कार्यक्रम पाहुणे बसून पाहतात असा आमचा अनुभव नाही.

स्थिर चित्राची चित्रफीत दाबून लहान करणे सोपे असावे असे वाटते. पण एक चित्र विरून दुसरे उमटते त्या क्षणी पडद्यावरील प्रत्येक बिंदू बदलत असतो. चित्रफितीला पुरेसा 'बिटरेट' दिलेला नसेल तर नेमक्या त्या वेळी चौकोन दिसतात. फुल एचडीसाठी सेकंदाला वीस मेगाबिट आणि फोर-के साठी पन्नास मेगाबिट ठेवल्यास काळजी नको. आता वरील साडेसतरा मिनिटांचा हिशेब करू. वीस मेगाबिटने सुमारे २.६ गीगाबाइट, पन्नासने ६.५ गीगाबाइटच्या वर. बाजारातून आणलेला लहान पेनड्राइव्ह पुष्कळदा फॅट-३२ पद्धतीने आखलेला असतो आणि त्यात चार गीगाबाइटहून मोठी एक फाइल मावतच नाही. समारंभाच्या आदल्या रात्री 'जागा आहे, तरी कॉपी होत नाही' अशी जी धावपळ होते तिचे कारण बहुधा हेच असते. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने पुन्हा आखावा आणि आपला संच ती पद्धत वाचतो की नाही हे आधी पाहावे. वाचत नसल्यास चित्रफितीचे दोन भाग करावेत.

चित्रावर हळूहळू जवळ जाण्याचा परिणाम सर्वांना आवडतो. पण दीडपट जवळ जावयाचे तर मूळ चित्र दीडपट मोठे हवे. ६०० डीपीआयवर स्कॅन केलेले चार बाय सहाचे चित्र फुल एचडी पडद्यावर दुपटीपर्यंत हे सहन करते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले करीत नाही. आणखी एक बारकावा असा की, चित्रफितीत उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची असते, परंतु रंगाची नोंद चार बिंदूंमागे एकच असते. म्हणून गडद पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत लिहिलेली नावे पुसट दिसतात. नावे पांढऱ्या किंवा मोतिया रंगात, चेहऱ्यांपासून दूर आणि पडद्याच्या कडेपासून थोडी आत घालावीत. स्टुडिओकडून काम करून घेत असाल तर या गोष्टी त्यांना लेखी कळवाव्यात, आणि तयार चित्रफितीबरोबर मूळ स्कॅनही परत मागावेत. ते मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाहीत.

नवा संच याच कार्यासाठी घ्यावा काय, आणि त्यासाठी कर्ज काढावे काय, असेही काही ग्राहक विचारतात. येथे बँकेच्या माणसाने खरे तेच सांगावे. निरोगी डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखता येते. त्रेचाळीस इंची फुल एचडी संचावर एक बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हिशेब केला तर पावणेदोन मीटर, म्हणजे साडेपाच फुटांपलीकडून तो वेगळा दिसत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीलगत बसलेल्या पाहुण्यांना त्या आकाराच्या फुल एचडी आणि फोर-के संचांतील फरक समजणे कठीण आहे. पंचावन्न इंची संच असेल तर हे अंतर सात फुटांवर जाते. तेव्हा संच बदलण्याआधी स्कॅन नीट करावे. त्याचा खर्च पुष्कळ कमी आहे आणि फरक पुष्कळ जास्त.

पडद्यावर काय दिसू नये

मोबाइलचा पडदा तसाच्या तसा टीव्हीवर उमटविण्याची सोय आता सर्वत्र आहे. गुणवत्तेच्या दृष्टीने ती दुय्यम आहे, कारण चित्र वाटेत पुन्हा दाबले जाते. पण येथे बँकेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. मोबाइलचा पडदा टीव्हीवर असताना आलेला प्रत्येक संदेश सर्वांना दिसू शकतो : खात्यातील शिल्लक, ओटीपी, निवृत्तिवेतन जमा झाल्याची सूचना. गॅलरीत छायाचित्रांबरोबर आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान, धनादेशाची प्रत हेही असतेच, आणि आपोआप चालणारा चित्रक्रम त्यांनाही हजर करतो. समारंभासाठी निवडलेल्या चित्रांचा स्वतंत्र फोल्डर करून तोच पेनड्राइव्हवर द्यावा. मोबाइलच वापरावयाचा असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करावे.

जुनी छायाचित्रे रंगीत किंवा स्पष्ट करून देतो असे सांगणारी अ‍ॅपची फाइल कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविली तर ती उघडू नये. छायाचित्राच्या कामाला आपले एसएमएस वाचण्याची परवानगी लागत नाही. ती मागणारे अ‍ॅप ओटीपीसाठीच मागत असते. असे काही चुकून बसविले गेले आणि खात्यातून रक्कम गेली, तर १९३० या क्रमांकावर आणि आपल्या शाखेस त्वरित कळवावे.

लॉकरमध्ये लग्नाच्या सीडी-डीव्हीडी ठेवणारे ग्राहक अनेक आहेत. लॉकर चोरापासून राखतो, परंतु घरी लिहिलेल्या चकतीतील रंगद्रव्य काळाने बिघडते, त्याला लॉकर काय करणार? पेनड्राइव्हही वर्षानुवर्षे न लावता ठेवण्यासाठी बनविलेला नसतो. स्कॅन केलेल्या मूळ फाइलींची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावातील मुलाकडे आणि कागदी आल्बम कोरड्या कपाटात, अशी व्यवस्था असावी. लॉकरमध्ये ठेवावयाचेच असेल तर निगेटिव्ह कागदी पाकिटांत घालून ठेवाव्यात.

राहिली प्रत्यक्ष कार्यक्रमाची गोष्ट. पाहुण्यांसाठी चित्रफीत लावावी, पण सकाळी, घरची चार माणसे असताना, तीच छायाचित्रे पेनड्राइव्हवरून एकेक करून, आपोआप पुढे न जाऊ देता दाखवावीत. रिमोट आजोबांच्या किंवा आजीच्या हाती द्यावा. मोठ्या पडद्यावर मागच्या रांगेतील चेहरे प्रथमच ओळखू येतात आणि नावे निघू लागतात : हे खाणीवरचे फोरमन, ही शेजारच्या क्वार्टरमधली मद्रासी बाई, हा मुलगा पुढे लष्करात गेला. त्या वेळी शेजारी मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. छायाचित्राचा क्रमांक मोठ्याने म्हणावा, म्हणजे नंतर कोणते नाव कोणत्या चित्राचे हे जुळविता येते. फाइलीच्या नावात वर्ष, गाव आणि माणसांची नावे डावीकडून उजवीकडे या क्रमाने लिहावीत. देवनागरीत लिहिली तरी आजचे संगणक ती बिनबोभाट वाचतात. काही जुन्या टीव्ही संचांवर मात्र नावाऐवजी चौकोन दिसतात, म्हणून सुरुवातीला ००१, ००२ असे आकडे इंग्रजी अंकांत घालावेत, म्हणजे क्रम बिघडत नाही.